तानूमायची कच्ची गाठ

ऐका, ही गोष्ट जुनी आहे. किती जुनी? तर पोफळवेळच्या बंदरावर पहिल्यांदा इंजिनाचा आवाज आला ना, त्याच्याही कितीतरी आधीची. तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणणार, "माझ्या आज्याक त्येच्या आज्यान सांगलेली." म्हणजे वर्षं मोजण्यात काही अर्थच नाही. फार वर्षांपूर्वी, वारा हेच जेव्हा डिझेल होतं, तेव्हाची. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तेव्हा खाडीत मचवे असायचे. आणि मचवा काय देखणा असायचा म्हणून सांगू! सागाच्या फळ्या, फणसाचे बाकदार वासे, आणि पुढची नाळ अशी वर उचललेली, की मान उंच करून कोणाची तरी वाट बघतेय असं वाटावं. सांध्यांमध्ये कापूस आणि राळ ठासून भरलेली. मधोमध डोलकाठी, तिच्यावर शीड. ते शीडसुद्धा पांढरं नाही हं! ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून तांबूस केलेलं. संध्याकाळी सगळे मचवे परत यायला लागले की लांबून वाटायचं, समुद्रावर कोणी पळसाची फुलं उधळलीत.

आणि मासे कसे धरायचे, ते तर ऐकाच. आताचा ट्रॉलर जाळं ओढतो ते इंजिनाच्या जिवावर. तेव्हा ओढायचा तो वारा! तळाशी जाळं सोडायचं, त्याच्या दोराचे दोन फाटे मचव्याच्या दोन टोकांना बांधायचे, एक नाळेला, एक मागे, आणि शीड ताणायचं. मग मचवा सरळ जायचाच नाही. आडवा जायचा, खेकड्यासारखा! वर वारा मचव्याला ढकलतोय, खाली जाळं वाळूवरून सरपटतंय, आणि लेप, कोळंबी, ढोमे, जे काय तळाशी झोपलेलं असेल ते गुपचूप आत.

आता सांगा, सगळी मदार कशावर? शीड फाटलं तर शिवता येतं. फळी फुटली तर ठोकता येते. पण भर समुद्रात दोर तुटला, तर जाळं गेलं. आणि एक जाळं म्हणजे अख्ख्या गावातल्या बायकांचं वर्षभराचं विणकाम, बरं का. ते गेलं म्हणजे वर्ष गेलं.

म्हणून पोफळवेळमध्ये तांडेलापेक्षा, म्हणजे मचव्याच्या प्रमुखापेक्षाही मान कोणाला होता माहितीये? दोर वळणाऱ्या बाईला. तिचं नाव तानूमाय.

खाडीच्या तोंडाशी तिची खोपी होती. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, ती खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, पार कुजेपर्यंत. मग काढायची, धोपटायची, काथ्या मोकळा करायची आणि मांडीवर पीळ देत बसायची. तिच्या मांडीवरून जो सुंभ उतरायचा तो कधी तुटला नाही. कधी म्हणजे कधीच नाही! लोक म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही? तानूमायचा सुंभ तर जळायचासुद्धा नाही, असं म्हणतात.

एकदा म्हणे एक देवमासा जाळ्यात शिरला. मचवा तीन गावांच्या समोरून ओढत नेला त्याने. दोर काही तुटेना. शेवटी देवमासाच दमला आणि पोफळवेळच्या किनाऱ्याला येऊन माफी मागून गेला, असं म्हणतात.

आणि एकदा तर कहर झाला. तानूमायचा काथ्या वाळूवर सुकत होता आणि भरती चढायला लागली. तानूमाय उठली, भरतीच्या गळ्यात सुंभाचा फास टाकला आणि दिली खडपाला, म्हणजे पाण्यातल्या खडकाला, बांधून. त्या दिवशी पाणी आलंच नाही. शेजारच्या गावचे लोक धावत आले, "अरे, भरती खंय गेली?" पोफळवेळवाले आपले विड्या ओढत बसलेले. म्हणाले, "कळ काढा जरा. आमच्या तानूमायचो काथ्यो सुकूचो हा."

खोटं वाटतंय? वाटू दे. पण पुढचं मात्र खोटं वाटणार नाही.

तानूमाय एवढे घट्ट दोर का वळायची, त्याला कारण होतं. तिचा नवरा तरुणपणीच गेला होता. त्याचा मचवा खाडीच्या तोंडाशी नांगरलेला, आणि नांगराचा दोर तुटला. साधा, कोणीतरी घाईघाईत वळलेला दोर. मचवा वाहत खडपावर गेला. तेव्हा तानू अगदी कोवळी पोर होती, कडेवर तान्हा मुलगा, भिवा. तिने तो तुटका दोर हातात घेतला, त्याची सुटलेली टोकं नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "हेच्या पुढे ह्या गावात दोर तुटान माणूस जाव्‌चो नाय." त्या दिवसापासून ती वळायला बसली, ती बसलीच.

भिवा मोठा झाला. आणि कसला पोरगा होता म्हणता! उंच, काळाभोर, सारखा हसणारा. गावात कुठेही मोठ्याने हसणं ऐकू आलं की लोक समजायचे, भिवा तिकडे आहे. तो तांडेल झाला तेव्हा गावाने नवा मचवा बांधला. नाव ठेवलं 'पाखरी'. बायकांनी नवं जाळं विणलं. आणि तानूमायने दोर वळले. आजवर तिने वळलेल्या सगळ्या दोरांपेक्षा जाड, सगळ्यांपेक्षा घट्ट. मुलाचा मचवा होता ना.

आता इथे त्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच आहे.

प्रत्येक मचव्यावर जाळ्याच्या दोराजवळ एक कोयती टांगलेली असायची. समुद्र खवळला आणि जाळं खाली अडकलं, तर दोर कापून मोकळं व्हायचं, म्हणून. पण दोर म्हणजे लक्ष्मी. तिला कापायचं म्हणजे तिची परवानगी नको घ्यायला? म्हणून नवा दोर पहिल्यांदा समुद्रात जायचा तेव्हा तांडेल कोयतीचं पातं त्या दोराला हलकेच टेकवायचा आणि म्हणायचा, "येळ इली तर कापतलंय, राग मानू नको." बस, एवढंच. मग कोयती खुंटीला.

पण तानूमायला हे कधीच आवडायचं नाही. तिच्या दोराला पातं टेकवलं की तिला स्वतःच्या अंगाला टेकवल्यासारखं वाटायचं. बाकीच्या तांडेलांना ती काही बोलायची नाही, तोंड फिरवायची. पण हा तर तिचा स्वतःचा मुलगा!

त्या सकाळी सगळा गाव किनाऱ्यावर जमलेला. पाखरीला झेंडूचे हार घातलेले. भिवाच्या बरोबर धाकू होता, त्याचा जिवलग मित्र, आणि आणखी तिघं. धाकूची बायको सगुणा काठावर उभी, कडेवर मुलगा. भिवाने खुंटीवरची कोयती काढली आणि दोराकडे वाकला.

तानूमाय म्हणाली, "माझ्या दोराक लोखंड लावतंस?"

"आये, रीत आसा गो."

"रीत तुटणाऱ्या दोराची. माझो दोर कापूची येळ कधी येव्‌ची नाय. आणि माझ्या झिलाक माझ्याच दोराचो भरवसो नाय, तर दुसऱ्यांनी काय करूचा?"

धाकू हळूच म्हणाला, "काकी, नुसता टेकवता तो. कापता थोडोच?"

"तू गप रव. तुका जेवणाचा ताट दिसला काय सगळा बरा वाटता."

लोक हसले. धाकूही हसला. भिवाने आईच्या तोंडाकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते, आणि इतक्या लोकांसमोर ते खाली सांडू नयेत म्हणून ती ओठ घट्ट मिटून उभी होती. मग काय, भिवाच तो! त्याने गर्रकन कोयती फिरवली, धावत खोपीकडे गेला आणि दाराच्या खुंटीला टांगून आला.

"घे आये! तुझ्या सुंभाक कोयती कित्याक? तू आपला गवत काप!"

सगळा किनारा हसला. तानूमाय पण हसली, पदराने डोळे पुसत. सगुणा तेवढी हसली नाही. ती त्या दाराकडे बघत राहिली, असं म्हणतात.

आणि पाखरी गेली.

दुपारपर्यंत सगळं छान होतं. किनाऱ्यावरून मचवे दिसत होते, आडवे आडवे सरकणारे, तांबूस शिडांचे. मग दक्षिणेकडून काळं आलं. ढग म्हणावा तर ढग नाही, भिंतच. मचव्यांनी भराभर जाळी वर घेतली, शिडं फिरवली आणि किनाऱ्याकडे पळत सुटले. एक आला, दोन आले, सगळे आले. पाखरी आली नाही.

पाखरी तिथेच होती. दिसत होती! खडपाच्या पलीकडे, जागच्या जागी, खिळा ठोकल्यासारखी. तिचं जाळं तळाच्या खडकात अडकलं होतं.

आता बघा, लाट आली की मचव्याने वर जायला हवं. बदकासारखं. वर गेला तर जगला. पण पाखरीला दोर खाली धरून होता. लाट यायची, मचवा अर्धा उचलला जायचा, आणि दोर त्याला खाली खेचायचा. पुन्हा लाट, पुन्हा खाली. शीड तर कधीच उतरवलं होतं त्यांनी. आता एकच उपाय. दोर कापायचा.

किनाऱ्यावर कोणीतरी ओरडलं, "कापा रे! कापा!"  सगळ्यांनी मागे वळून खोपीच्या दाराकडे बघितलं. कोयती तिथे वाऱ्याने हलत होती.

तानूमाय धावली. तिने खुंटीवरून कोयती ओढून काढली आणि पाण्यात शिरली, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ती काय पोहत जाणार होती? लाटांनी तिला परत आणून टाकलं. ती पुन्हा गेली. पुन्हा टाकलं. माणसांनी तिला धरलं तेव्हा ती हातातली कोयती पाखरीकडे उंच धरून उभी होती, जणू भिवाने तिकडून हात लांब केला असता तर मिळालीच असती.

मचव्यावर मासे चिरायच्या सुऱ्या होत्या. पाच जणांनी पाच सुऱ्या त्या दोरावर चालवल्या. एकेक सुरी बोथट झाली, असं म्हणतात. मग त्यांनी दातांनी प्रयत्न केला, असंही म्हणतात. दोर तानूमायचा होता. त्याचा एक धागासुद्धा सुटला नाही.

आणि मग तानूमाय आपल्या दोराशी बोलायला लागली. जन्मभर ज्याला 'धर, घट्ट धर' म्हणत आली होती, त्याला हात जोडून म्हणायला लागली, "तूट रे बाबा. तूट. एकदा तूट. माझा ऐक, तूट रे."

ज्या बाईने भरतीला बांधून ठेवलं होतं ना, तिचं एवढंही त्या दोराने ऐकलं नाही. त्याला तुटायला कधी शिकवलंच नव्हतं तिने.

एक मोठी लाट आली. ती गेल्यावर खडपाच्या पलीकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समुद्र असा निवांत होता, जणू काही केलंच नाही. एका मचव्याने जाऊन पालथ्या पडलेल्या पाखरीच्या दोराला दोर जोडला आणि टोक किनाऱ्यावर आणलं. गावाने ओढायला सुरुवात केली. बाया, बापे, पोरं, सगळे. आधी पाखरी आली, दोराचे दोन्ही फाटे तिच्या अंगाला तसेच बांधलेले. मग जाळं आलं. आणि ते भरलेलं होतं! काठोकाठ! कोळंबी, लेप, अजून तडफडणारे. एवढे मासे गावाने कधी बघितले नव्हते. कोणी एकालाही हात लावला नाही. सगळे परत पाण्यात सोडले. धाकूचा आणि बाकीच्या तिघांचे देह हळूहळू किनाऱ्याला लागले. भिवाला समुद्राने दिलं नाही.

सगुणा तानूमायच्या समोर येऊन उभी राहिली. तिने शिवी दिली नाही, छाती पिटली नाही. ती फक्त म्हणाली, "तुझो दोर नाय तुटलो गो तानू. तुझा खरा झाला."

आणि निघून गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती तानूमायशी बोलली नाही.

तानूमायने ती कोयती परत खुंटीला टांगली. रोज सकाळी ती तिचं पातं घासायची, राख लावून, अगदी चकचकीत होईपर्यंत. आणि मग वळायला बसायची. लोकांना वाटलं, डोकं फिरलं म्हातारीचं. कारण आता ती जो दोर वळत होती, तो तुटावा म्हणून वळत होती.

तुम्हाला वाटेल, त्यात काय? वाईट दोर वळायचा, झालं! नाही हो. तिला जमायचंच नाही! तिची बोटं ऐकायची नाहीत. सैल पीळ द्यायला जायची आणि हात आपोआप घट्ट करायचे. सैल गाठ मारायची आणि अंगठा सवयीने दाबून जायचा. कित्येक दिवस ती आपल्याच बोटांवर चापट्या मारत बसलेली लोकांनी बघितली, असं म्हणतात. शिकलेलं विसरणं म्हणजे काय, ते तिला विचारावं.

शिवाय नुसता कच्चा दोर काय कामाचा? मासे भरल्यावर जाळ्याचं ओझं तर त्याने पेललं पाहिजे. पण समुद्राने खाली धरून ठेवलं, तर मात्र सोडलं पाहिजे. माशांना पुरेल एवढा घट्ट, मरणाला पुरणार नाही एवढा सैल. असा दोर! ती वळायची, खडपावर नेऊन बांधायची, लाटांत उभी राहून बघायची. तुटला नाही की परत वळायची. लवकर तुटला की परत वळायची. केस पांढरे झाले, मांडीची कातडी सोलून घट्टे पडले.

शेवटी तिला सापडलं. सगळा दोर पक्का, पण मचव्याजवळ, फाटे फुटायच्या आधी, हातभर तुकडा वेगळा. तो न कुजवलेल्या, कच्च्या सोडणाच्या काथ्याचा. आणि त्याला एक गाठ, अशी की बघणाऱ्याला वाटावं, कोणा पोराने मारलीय. तीच कच्ची गाठ.

ती तांडेलांकडे गेली. "ही गाठ दोरात घाला. समुद्रान धरल्यान तर आपोआप सुटतली. कोयती हाताशी असो, नसो."

तांडेल एकमेकांकडे बघायला लागले. गोविंद तांडेल म्हणून एक होता, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "म्हातारे, तुटको दोर घेवन आमी समुद्रात जावचा? मग एक भोकाची होडी पण दी. दोनय घेवन जातंव!"

हशा पिकला.  जाळं म्हणजे गावाचं वर्ष, ते ती नाकारत नव्हतीच. ती गाठ हातात धरून परत आली. दर नव्या मचव्याच्या वेळी जायची, दर वेळी परत यायची. पोरं तिच्या मागे ओरडायची, "तुटकी माय! तुटकी माय!"

अशी वर्षं गेली. सगुणाचा कडेवरचा मुलगा, नारू, वाढला, जवान झाला. धाकूसारखाच गोल तोंडाचा, खाण्यावर मरणारा. आणि तो तांडेल झाला. त्याच्या नव्या मचव्याला दोर बांधायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी सगुणा खाडीच्या वाटेने चालत गेली आणि तानूमायच्या दारात उभी राहिली. कोयतीखाली.

"तानू."

तानूमायने वर बघितलं. 

"तुटतलो असो दोर आसा तुझ्याकडे?"

"आसा."

"तुटतलो मां नक्की?"

"तुटतलो. माझो शबूद."

"तुझ्या शबदार माझो घो गेलो."

तानूमायने मान खाली घातली. "व्हय. म्हणानच आता तुटतलो."

 मग सगुणा खाली बसली, पाय पसरून, जशी शेजारीण बसते तशी. तानूमाय कच्चा काथ्या वळायला लागली. वळता वळता थांबली.

"तुझो एक केस दी."

"कित्याक?"

"आत घालतंय. मग गाठीक कळतला, वर कोणाचो झील आसा तो."

"मगे तुझोच घाल की. तुझे काय कमी पिकले हत?"

"माझो नको गो बाये," तानूमाय म्हणाली. "माझ्या केसाक पीळ फार."

सगुणा हसली की रडली, ते वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात. तिने अंबाडा सोडला, एक केस तोडला आणि दिला.

नारूने नाक मुरडलं, पण आईपुढे काय चालणार? हातभर कच्चा दोर घेऊन तो गेला. वर कोयती पण नेली, सगुणाने स्वतः मचव्याच्या खुंटीला लावून दिली. एक पाऊस गेला, काही झालं नाही. गाठ माशांचं ओझं पेलत राहिली. गोविंद तांडेल येता-जाता विचारायचा, "काय रे नारू, सुटली नाय मां तुझी चड्डीची नाडी?"

आणि मग एका दुपारी दक्षिणेकडून काळं आलं.

तशीच भिंत. तसेच पळत आलेले मचवे. आणि तसाच एक मचवा खडपाच्या पलीकडे अडकलेला. या खेपेला तो नारूचा. लाट यायची, मचवा अर्धा उचलला जायचा, खाली जायचा. नारू कोयती काढायला वाकला आणि पहिल्याच तडाख्यात ती हातातून निसटून पाण्यात गेली. किनाऱ्यावर सगुणा उभी. 

मोठी लाट आली. लोकांनी डोळे मिटून घेतले. आणि त्या वाऱ्यात, एवढ्या गर्जनेत, सगळ्यांना एक बारीक आवाज ऐकू आला. 'टक्‌.' केस तुटल्यासारखा.

मचवा उडाला! खरंच, पाखरू उडावं तसा लाटेच्या माथ्यावर गेला आणि घसरत घसरत थेट किनाऱ्याच्या दिशेला लागला.

नारू उतरला तेव्हा त्याची मान खाली होती. गावाचं वर्षभराचं विणकाम तळाशी घालवून आला होता तो. आईसमोर येऊन पुटपुटला, "आये, जाळा गेला."

"गेला?" सगुणा म्हणाली. आणि तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "जावंदे, रे बाबा. जावंदे." मग तिने सगळ्या बायकांकडे वळून ओरडून सांगितलं, जशी मुलगा झाल्याची बातमी सांगतात तशी, "जाळा गेला! गो बायांनो, जाळा गेला!" आणि ज्यांनी ते वर्षभर बसून विणलं होतं, त्या सगळ्या हसायला लागल्या, रडायला लागल्या. गोविंद तांडेल बाजूला उभा होता.  त्याने मुकाट्याने वाळूत बसून आपल्या मचव्याचा दोर सोडायला घेतला.

सगुणा धावत खोपीकडे गेली. तानूमायला सांगायला हवं होतं ना! दारातूनच ओरडली, "तानू, तुटलो गो! तुटलो!"

तानूमाय खांबाला टेकून बसली होती. मांडीवर अर्धवट वळलेला काथ्या होता, आणि त्याचा पीळ आपोआप उलगडत चालला होता, सावकाश, शेवटच्या वेढ्यापर्यंत. तिच्या तोंडावर ऐकलेल्या माणसाची खूण होती. शेजारची बाई म्हणाली, तिने मघाशीच 'तुटलो' म्हटलं आणि डोळे मिटले. कोणी सांगायच्या आधीच.

तिची उजवी मूठ अर्धी मिटलेली होती. काहीतरी धरल्यासारखी. आणि दाराची खुंटी रिकामी होती. कोयती तिथे नव्हती. गावाने सगळीकडे शोधली, वाळूत, झुडपांत, विहिरीत. कुठेच नाही.

ती घेऊन गेली, असं म्हणतात. भिवाला द्यायला.

आता पोफळवेळला मचवे नाहीत. आधी शिडांच्या जागी इंजिन आलं, मग लाकडाच्या जागी लोखंड आलं. शेवटचा मचवा खाडीच्या चिखलात पडून आहे. त्याचे वासे तेवढे उरलेत, माशाच्या काट्यासारखे, आणि ओहोटीला त्यांच्यावर बगळे बसतात. शीड शिवणारं कोणी राहिलं नाही. आडवा चालणारा मचवा कसा असतो, हे सांगणारा एकच म्हातारा आहे, आणि तो ते हाताने करून दाखवतो.

पण आजही, जाळ्याच्या लोखंडी तारेत, ट्रॉलरच्या अगदी जवळ, हातभर काथ्याचा दोर असतो. त्याला एक वेडीवाकडी गाठ असते. घरातली बाई ती वळते आणि आत स्वतःचा एक केस घालते. आई नसेल तर बायको, बायको नसेल तर बहीण. जी बाई वळायला फार तरबेज आहे, तिला ते काम देत नाहीत. आणि कोणाचा ट्रॉलर जाळं घालवून रिकामा परत आला, की त्या घरातून सगळ्या गावाला साखर वाटतात.

आणि कोयती? ती तर प्रत्येक बोटीवर असतेच. पोफळवेळमध्ये तिला कोयती म्हणत नाहीत. तिचं नाव भिवा.

पहाटे बंदरावर उभं राहा, तुम्हाला ऐकू येईल. इंजिनं धडधडत असतात, डिझेलचा वास, बर्फाच्या लाद्या, नुसता गोंधळ. जीपीएस लावलेला केवढा तरी ट्रॉलर धक्क्यावरून सुटतो. आणि काठावरून एखादी म्हातारी पदर सावरत जिवाच्या आकांताने ओरडते,

"भिवाक घेतलंस मां रे?"

आणि पाण्यावरून, मागे वळून न बघता, कोणाचा तरी मुलगा ओरडतो,

"घेतलंय गो, आये!"

तेव्हाच ती घरी जायला वळते.